धंद्याच्या खात्यात

नोकरी सोडून धंद्यात पडलेल्या माणसाची पहिल्या वर्षी मिळकत फारशी नसते. खर्च मात्र रोज असतो. त्यामुळे आपण धंदेवाले झालो, याचा पुरावा म्हणून चारचौघांत दाखवायला त्याच्याकडे असतो तो खर्चच. नंदुरबारच्या आमच्या गल्लीतले शेठ हा पुरावा लाल कापडी वहीत जपून ठेवतात. 'शेठ' ही पदवी गल्लीनं दिलेली. त्यातली थट्टा त्यांना कळते, पण पदवी परत करण्याइतका राग काही येत नाही.

शेठ अनेक वर्षं मिरचीच्या एका पेढीवर दिवाणजींच्या हाताखाली होते. हंगामात आमच्याकडे मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, नजर जाईल तिथवर जमीन लाल होते आणि वारा फिरला की गाव शिंकतं. दुसऱ्याच्या मिरचीनं शिंकण्यापेक्षा स्वतःच्या मिरचीनं शिंकावं, असं शेठच्या मनानं घेतलं. ओली मिरची घ्यायची, वाळवायची, दळून आणायची आणि पाव-पाव किलोची पाकिटं करून तळोदा, अक्कलकुवा, नवापूरच्या बाजारात विकायची. भांडवल म्हणाल तर वजनकाटा, पाकिटं सील करायचं यंत्र, जुनी मोटरसायकल आणि ही वही.

वही लक्ष्मीपूजनाला पुजलेली. वर 'श्री', खाली 'लाभ' आणि 'शुभ', डावीकडे जमा, उजवीकडे नावे. डाव्या पानावर जेमतेम चार ओळी; उजव्या पानाला डिंकानं पुरवणी जोडावी लागते. 'अन्न परवाना नोंदणी, १०० रुपये' इथवर सगळं रीतसर. त्याखाली 'चष्मा, ६५० रुपये. तिखट डोळ्यांत जाऊ नये म्हणून.' चष्मा नंबरचा आहे. 'दाढी-कटिंग, ८० रुपये. गिऱ्हाइकावर छाप.' मग 'नवापूर फेरी, पेट्रोल २०० रुपये.' नवापूरला मेहुणीकडे बारसं होतं. पण जाताना शेठनी दोन किलो तिखट सोबत नेलं, म्हणून फेरी धंद्याची. ते तिखट मेहुणीला भेट दिलं, म्हणून तेही 'नमुना वाटप' या सदरात. बारशाचा आहेर 'जाहिरात' या सदरात गेला, कारण पाकिटावर 'तिखट मागवा' असं लिहून खाली फोन नंबर टाकला होता.

गेलेला माल कुणाच्या तरी नावे पडलाच पाहिजे, ही पेढीवरची शिस्त. आता ओली मिरची शंभर किलो पसरली, तर वाळून हाती येते पंचवीसेक किलो. दुसरा कुणी 'तूट' म्हणून सोडून देईल. शेठच्या वहीत खातं आहे 'श्री. सूर्यनारायण, नावे ७५ किलो'. अवकाळी पावसानं भिजलेल्या मालाचं खातं वेगळं, इंद्रदेवाच्या नावे. दोन्ही खातेदार जुने, वजनदार, आणि वसुलीला दाद न देणारे.

कायद्याला शेठ फार भितात. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण माल परराज्यात विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावी लागते, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं. आणि नवापूरचं रेल्वे स्टेशन पडलं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत! तिथल्या बाकावर गाडीची वाट बघत असताना शेजारच्या माणसानं पिशवीतलं पाकीट मागितलं. शेठनी आधी सीमेची रेघ पाहिली, मग गिऱ्हाइकाला हाताला धरून महाराष्ट्रात आणलं, पाकीट दिलं, पैसे घेतले, आणि त्याला परत गुजरातेत नेऊन बसवलं.

मार्च सरल्यावर शेठ वही बगलेत मारून सीएकडे गेले. सीएनं वही उघडलीच नाही. "वर्षाची विक्री किती?"

"सहा लाखांच्या आत-बाहेर."

"मग आयकर कायद्यात तुमच्यासारख्यांसाठीच एक कलम आहे. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरायचा, फोनवरून किंवा बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के. खरोखर जास्त सुटला असेल तर जास्त दाखवायचा. सगळी रोख धरली तरी ४८,००० होतात. कर शून्य."

"आणि खर्च?"

"तो उरलेल्या ९२ टक्क्यांत आला. वही कुणी मागणार नाही."

"मागणारच नाही?" शेठचा चेहरा पडला. कर लागत नाही म्हणून खट्टू झालेला माणूस त्या सीएनं पहिल्यांदाच पाहिला असावा. निघताना शेठनी 'सीए सल्ला, ५०० रुपये' अशी नोंद तिथल्या तिथे केली.

सल्ल्यातलं एकच त्यांनी उचललं, आठ आणि सहामधले दोन टक्के. कर मुळातच शून्य, त्यामुळे वाचणार काय, हा विचार त्यांना शिवला नाही. दुसऱ्याच बाजारात क्यूआर कोडची पाटी लागली आणि शेठ प्रत्येकाला सांगू लागले, "रोख नको, फोनवर टाका. नोंद राहते." धडगावकडच्या एका म्हातारीनं लुगड्याच्या गाठीतून काढलेली नोट पुढे धरली, हे ऐकलं, नोट पुन्हा गाठीत बांधली आणि शेजारच्या दुकानातून तिखट घेतलं.

मग यंत्र मोठं घ्यायचं ठरलं. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, म्हणून शेठ बँकेत गेले. तिथे मात्र साहेबांनी वही मागितली! शेठनी ती दोन्ही हातांनी पुढे केली. साहेबांनी उजवं पान पाहिलं, पुरवणी उलगडली, सूर्यनारायणापाशी क्षणभर थबकले आणि विचारलं, "कर्ज फेडणार कशातून?"

"धंद्यातून."

"कोणत्या? यात तर तोटाच दिसतोय."

त्या रात्री शेठनी एकेक खर्च धंद्यातून काढून घरखर्चात टाकायला घेतला. चष्मा घरी आला. कटिंग घरी आली. मेहुणी बारशासकट घरी आली. दरवेळी बेरीज मारताना नफा थोडा वर सरके. शेवटी धंद्याचा निव्वळ खर्च उरला, आणि धंदा खरंच बरा चाललाय, हे शेठना वर्षात पहिल्यांदा कळलं. सीएनं माफ केलेल्या वहीनं हे एक काम मात्र चोख केलं.

वहिनी समोर बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. लग्नाआधी त्या पथारीवर खुडायला जात. किलोमागे मजुरी किती हे त्यांना तोंडपाठ. "समदा खर्च लिखा," त्या म्हणाल्या, "मनी मजुरी कोन लिखी?"

शेठनी पेन थांबवलं. वर्षभराची खुडाई, त्यावर पाकिटं भरायची मजुरी, पेढीच्या दरानं. नको नको म्हणत बेरीज केली, तर बँकेपुरता जमवलेला नफा अर्ध्यावर आला. वर्षभर शेठ माल उधार देणाऱ्यांची चिंता करत होते. सगळ्यात मोठी सावकारीण घरातच निघाली.

लिहिलेलं खोडायचं नाही, हीही पेढीचीच शिस्त. त्यांनी नवं पान काढलं, वर 'श्री' लिहिलं, खाली 'घरचे, देणे बाकी'. मग खिशातून दोन पाचशेच्या नोटा काढून उचल म्हणून पुढे केल्या.

वहिनींनी हातातली मिरची खाली ठेवली नाही. "रोख नको," त्या म्हणाल्या, "फोनवर टाका. नोंद राहते."