हे मुद्दाम आहे

प्रत्येक तालुक्याच्या गावी एक शॉर्टफिल्मवाले सर असतात. ते शिक्षक असतीलच असं नाही. कुणी जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले, कुणाचं झेरॉक्सचं दुकान, कुणी एलआयसीचे एजंट. आमचे सर पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. खात्यात त्यांना कधी कुणी सर म्हटलं नाही. तिथे ‘सर’ आणि ‘रावसाहेब’ हे मान इंजिनिअर लोकांचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयाच्या सभागृहात पडदा लावला आणि गावाने त्यांना सर करून टाकलं.

ते लांबूनही ओळखू येतात. खादीचा झब्बा, पायात मात्र पळायचे बूट आणि खांद्याला शबनम. त्या शबनममध्ये पुस्तक असेल असं वाटतं. नसतं. एचडीएमआयची पंधरा फुटी केबल, दोन तऱ्हेचे ॲडॅप्टर, एक्स्टेंशन बोर्ड, काळी चिकटपट्टी, सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि एकाच सिनेमाचे तीन पेन ड्राइव्ह. तीन का, असं विचारलं तर म्हणतात, “एक चालत नाही, एक सापडत नाही, एक असावा.”

हे वेड लागलं पुण्यात. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात रसास्वादाचं शिबिर होतं, तिथे ते भाचीकडे आले असताना सहज म्हणून गेले आणि वेगळेच होऊन परतले. आधी अशोक सराफ बघून पोट धरून हसायचे. अजूनही हसतात, पण हसून झाल्यावर “कट न घेता केलंय बघा” एवढं जोडतात. 1964 साली संग्रहालय निघालं, पी. के. नायर यांनी ते उभं केलं, तिथून सोळा एमएमच्या प्रिंटा देशभरातल्या छोट्या फिल्म सोसायट्यांना जायच्या, हे सगळं सर घरच्या माणसाच्या आठवणी काढाव्यात तसं सांगतात. नायर म्हणे अंधारात टॉर्च लावून टिपणं काढायचे. आमच्या सरांकडेही टॉर्च आहे. उशिरा येणाऱ्याला तो खुर्ची दाखवायला कामी येतो, आणि मध्येच उठणाऱ्याच्या तोंडावर मारायला.

“मोठा सिनेमा टीव्हीवर येतो, मोबाइलवर येतो. ह्या लहान सिनेमाला कोण आहे?” हा त्यांचा सवाल. त्याला उत्तर नसतं, कारण तो विचारताना त्यांनी आपल्या हातात वर्गणीची पावती दिलेली असते. तिकीट म्हणायचं नाही. सभासदवर्गणी म्हणायचं. फिल्म सोसायटी सभासदांसाठी असते, ह्यावर सर फार कडक आहेत. 1959 साली फेडरेशन स्थापन झालं आणि सत्यजित राय अध्यक्ष झाले तेव्हापासून जणू वहीत यांचीच सही आहे.

खेळ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, पाचला. म्हणजे पावणेसहाला. पाच वाजता सुरू होतं ते अंधार करण्याचं काम. सभागृहाला सहा झरोके आहेत आणि पश्चिमेचं ऊन सरळ पडद्यावर येतं. प्रत्येक झरोक्याला एक पुठ्ठा आणि प्रत्येक पुठ्ठ्याला एक जबाबदार माणूस नेमलेला आहे. माझ्याकडे दक्षिणेकडचा आहे. तो फ्रिजच्या खोक्याचा असून त्यावर ‘ही बाजू वर’ असं लिहिलेलं आहे, आणि तो उलटा बसवला तरच नीट बसतो.

प्रेक्षक ठरलेले. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई पहिल्या रांगेत, वहीपेन घेऊन. दिग्दर्शक व्हायचंय अशी दोन-तीन पोरं शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, कारण दिग्दर्शक होणाऱ्याने पुढे बसायचं नसतं. एक आजी पंख्याखाली. पीठगिरणीवाला दाराजवळ, गिऱ्हाईक आलं तर उठता यावं म्हणून. आणि वाचनालयाचे विश्वस्त, जे सिनेमा बघायला येत नाहीत. ते ‘काही आक्षेपार्ह नाही ना’ हे बघायला येतात आणि दर वेळी निराश होऊन जातात.

सरांचं पेटंट वाक्य आहे, “हे मुद्दाम आहे.” ते जन्माला आलं ‘ला जेते’च्या खेळाला. क्रिस मार्करचा 1962 सालचा अठ्ठावीस मिनिटांचा हा सिनेमा जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा आहे. दुसऱ्या मिनिटाला विश्वस्त म्हणाले, “अडकलंय वाटतं.” सर मागून ओरडले, “हे मुद्दाम आहे!” चौथ्या मिनिटाला एका पोराने लॅपटॉपला टपली मारली. “मुद्दाम आहे!” पुढे त्यात एकाच ठिकाणी, झोपलेली बाई डोळे उघडते तेवढं, चित्र खरोखर हलतं. तेव्हा विश्वस्त आनंदाने म्हणाले, “हां, आता झालं सुरू!”

नंतर ब्राखेजचा ‘मॉथलाइट’ लावला. कॅमेरा न वापरता, पतंगांचे पंख आणि गवताची पाती चिकटपट्टीत दाबून 1963 साली केलेली ही जेमतेम चार मिनिटांची मुकी फिल्म. आजींनी मध्येच सांगितलं, “अहो, दिव्यावर किडे आलेत. दिवा घालवा थोडा वेळ, जातील.” सर म्हणाले, “आजी, शंभर टक्के बरोबर ओळखलंत.” आजींना कशाचं कौतुक झालं ते कळलं नाही, पण तेव्हापासून त्या एकही खेळ चुकवत नाहीत.

कुबेल्काच्या ‘आर्नुल्फ रायनर’ला तर मजाच झाली. पडदा नुसता काळा-पांढरा, काळा-पांढरा उघडझाप करतो, आवाजही तसाच येतो आणि जातो. गावातला वायरमन प्रेक्षकांत होता. तो कुणाला न विचारता उठला आणि जिन्याखालचा मेन स्विच तपासून आला. “लोड नीट आहे सर,” असं सांगून तो शांतपणे उरलेली फिल्म बघत बसला.

हे ऐकून सर गावाला न झेपणारं दाखवतात असं वाटेल. तसं नाही. त्यांनी प्रमोद पतींचा ‘एक्स्प्लोरर’ दाखवला तेव्हा मुद्दाम सांगितलं, की हा सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा आहे, 1968 सालचा. ज्या डिव्हिजनची डॉक्युमेंटरी सुरू असताना आपण थिएटरबाहेर शेंगदाणे घेत उभे राहायचो, त्याच ऑफिसात बसून एक माणूस हे असलं चक्रावून टाकणारं काम करत होता. आपल्या सगळ्यांच्या वतीने सरांना त्याची रुखरुख आहे. आणि उमेश कुलकर्णींची ‘गिरणी’ लावली त्या दिवशी तर सभागृह भरलं होतं. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजाने लहान मुलगा हैराण होतो, एवढीच गोष्ट. चर्चेत बाई वहीत बघून ध्वनीविषयी चांगलं बोलल्या. मग दारातून पीठगिरणीवाला उठला. म्हणाला, “आवाज खरा आहे. पोराचंही खरं आहे. मला उलट सुट्टीच्या दिवशी दुपारी झोप लागत नाही.” आणि गिऱ्हाईक आलं म्हणून गेला. सर नंतर आठवडाभर ज्याला-त्याला सांगत होते, “समीक्षा म्हणतात ती ही.”

वर्षातून एकदा दोन दिवसांचा महोत्सव. त्यात आसपासच्या पोरांनी केलेल्या फिल्म्स. नागराज मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’ने राष्ट्रीय पुरस्कार आणल्यापासून प्रत्येक तालुक्यात दहा-दहा कॅमेरे सुरू झाले आहेत, आणि ते सगळे सरांकडे येऊन थांबतात. “सर, व्हॉट्सॲपवर टाकू का?” “नको रे बाबा, लिंक पाठव.” लिंक येते, ती उघडत नाही. परवानगी मागावी लागते. परवानगी देणारा पोरगा ऊसतोडीच्या फडावर चित्रीकरणाला गेलेला असतो.

ह्या फिल्म्समध्ये पहिल्यांदा गजर वाजतो. मग एक हात तो बंद करतो. मग दात घासणं, पूर्ण. मग ड्रोनमधून गाव. सर हे सगळं मनापासून बघतात आणि पोराला बाजूला घेऊन म्हणतात, “दात अर्धे घास.” सात मिनिटांच्या फिल्मला तीन मिनिटं श्रेयनामावली असते, समस्त ग्रामस्थ, दूध संघ, जनरेटर देणारे मामा आणि ‘ज्ञात-अज्ञात’. तिला मात्र सर कात्री लावू देत नाहीत. “ती वाचायलाच तर अर्धं गाव आलेलं असतं.”

एका वर्षी भर महोत्सवात लॅपटॉप खरोखर अडकला. पडद्यावर एक म्हातारा उंबऱ्यात बसलेला, हातात रिकामा तांब्या. चित्र थांबलं. पण गाव आता तयार झालेलं. कुणी हललं नाही, कुणी हुं केलं नाही. विश्वस्तांनी शेजारी कुजबुजणाऱ्याला गप्प केलं, “मुद्दाम आहे ते.” सर तेवढ्यात बाहेर चहाचा हिशेब करत होते. ते आत येईपर्यंत चांगला वेळ गेला होता. त्यांनी मशीन बंद केलं, दिवे लावले आणि टाळ्या पडल्या. बाईंनी त्या थांबलेल्या तांब्यावर पाण्याचा प्रश्न, वार्धक्य आणि काळ अशा तीन अंगांनी विवेचन केलं. फिल्मचा कर्ता कोपऱ्यात घाम पुसत उभा. त्याच्या फिल्ममध्ये पुढे टँकर येतो, म्हातारा नाचतो, सून हसते, असं बरंच काही होतं. त्याने एकदा सरांकडे बघितलं, सरांनी छताकडे. पुढच्या महिन्यात पोराने टँकर कापून टाकला. फिल्म आता तांब्यावर संपते आणि खरं सांगायचं तर पुष्कळ चांगली झाली आहे.

ह्या सगळ्यात एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सर स्वतः सिनेमा बघत नाहीत. म्हणजे इथे बघत नाहीत. ते प्रोजेक्टरच्या मागे उभे राहून माणसांच्या माना बघतात. कुठली मान पडली, कुठली ताठ झाली, कोण शेजाऱ्याकडे वळलं. “सहाव्या मिनिटाला वायरमन पुढे झुकला,” हे ते घरी जाऊन डायरीत लिहितात. त्यांना स्वतःला पोटभर बघायचं असतं तेव्हा ते एक वर्षाआड मुंबईला माहितीपट-लघुपट महोत्सवाला जातात, डोंबिवलीला मावसभावाकडे उतरतात, सकाळची लोकल पकडतात आणि रात्री इतके थकून येतात की मावसभावाच्या बायकोला वाटतं, भाऊजींचं कोर्टाचं काहीतरी चाललंय.

घरच्या वहिनींचं या छंदाबद्दल मत विचारलं, तर त्या सांगतात, “लहान असतात म्हणून बऱ्या.” प्रोजेक्टर त्यांच्या लोखंडी कपाटात, पैठणीच्या खालच्या कप्प्यात असतो. महोत्सवाच्या पाहुण्यांचे पोहे त्यांच्याकडे असतात. उद्घाटनाला आलेले नगरसेवक “दोनच मिनिटं” म्हणून माइक धरतात तेव्हा वहिनी गॅस बंद करतात. त्यांना अनुभव आहे. एकदा त्या भाषणाखाली तीन फिल्म्सचा वेळ गेला. सर म्हणाले, “एकच शॉट, स्थिर कॅमेरा, कट नाही. धाडस आहे माणसाचं.”

सध्या सरांनी नवीन काढलंय. अँडी वॉरहॉलचा ‘एम्पायर’. 1964 सालचा. न्यूयॉर्कची एक उंच इमारत, समोर कॅमेरा ठेवलेला, आणि काही होत नाही. आठ तास.

“सर, पण आपला लघुपटांचा महोत्सव आहे.”

“घटना बघा ना किती लहान आहे.”

“पाच मिनिटांचा तुकडा दाखवू.”

“छे! तुकडा दाखवला तर ती इमारत होते. आठ तास दाखवला तर सिनेमा होतो.”

वहिनींनी आतून विचारलं, “आणि लोकांच्या जेवणाचं काय?”

“जेवून यावं की. इमारत कुठे जातेय?”

बाई तयार आहेत. त्यांनी दोनशेपानी वही आणली आहे. वायरमनने इन्व्हर्टरची सोय करतो म्हणून सांगितलंय. आजींनी पंखा आठ तास चालू राहणार का, एवढंच विचारून घेतलं. आणि सगळ्यांत उत्साह आहे तो विश्वस्तांना. आजवर सरांनी निवडलेला एकही सिनेमा त्यांना पसंत पडला नव्हता. हा मात्र न बघताच फार आवडला. सभागृहाचं भाडं तासावर आहे.