नाकतोडा ठामपणे कसा ओळखावा

पक्षी ओळखण्यात धोका आहे. चूक पकडणारे फार. पट्टेदार पंखांच्या नाकतोड्यांकडे वळा. ठाकुर्लीत चूक पकडायला कुणी नाही.

१. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की ९० फुटी रस्त्यालगतच्या एखाद्या रिकाम्या प्लॉटवर जा. घाई करा, पुढच्या वर्षी तिथे सँपल फ्लॅट असेल. पावसाच्या सुरुवातीला मात्र जाऊ नका. पिल्लांना पुरते पंख नसतात आणि सगळं शास्त्र पंखांवरच आहे.

२. पाऊल टाका. नाकतोडा उडेल. मागच्या पंखाचा पिवळा रंग आणि काळा पट्टा क्षणभर चमकेल. तेवढ्यात पट्टा सलग की तुटका, कडेपर्यंत जातो की नाही, हे टिपून घ्या. जमलं नाही? वाईट वाटून घेऊ नका, कुणालाच जमत नाही. बसताक्षणी मातकट पुढच्या पंखांखाली सगळा पुरावा झाकला जातो.

३. आता बसलेल्याचं मानेमागचं कवच बघा. फिकट फुली दिसली की 'ओडॅलियस ॲब्रप्टस' म्हणा, मोठ्याने. 'ओडॅलियस सेनेगॅलेन्सिस'लाही फुली असते, पण ते विचारणारा माणूस सहसा डोंबिवली लोकलमध्ये भेटत नाही. कवचाचा कणा कमानीसारखा उंच असेल तर 'गॅस्ट्रिमार्गस'. कण्याला खोल खाचा पडून दाते झाले असतील तर 'ट्रायलोफिडिया'. हा बिचारा खरोखरच ओळखू येतो, त्यामुळे त्यात मान नाही.

४. एकाच जातीत हिरवेही असतात, तपकिरीही. "हिरवा वेगळा ना?" असं सोबतच्याने विचारलं की दयेने हसा.

५. नडगीचा रंग महत्त्वाचा. त्यासाठी मागचा पाय धरा. नाकतोडा पाय तुमच्या हातात सोडून निघून जाईल. नडगी मिळाली, काम झालं.

६. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. 'टोळधाड आली' म्हणून सेक्रेटरी फवारणीवाल्याला बोलावतील. मे २०२०मध्ये विदर्भात आला तो वाळवंटी टोळ, तो पट्टेदार पंखांच्या नाकतोड्यांच्या उपकुळातलाच नाही. हे समजावत बसाल तोवर फवारणी आटोपलेली असेल.

७. वाद झालाच तर 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'तला किर्बींचा नाकतोड्यांवरचा १९१४चा खंड पुढे करा. किर्बी १९१२ सालीच वारले, त्यामुळे उलटतपासणीची भीती नाही.

आणि नाव खरोखरच हवं असेल, तर उडतानाचा व्हिडिओ स्लो मोशनमध्ये काढा. त्यातही पट्टा नीट दिसला नाही, तर वहीत 'ओडॅलियस, जात नक्की नाही' एवढंच लिहा.