बंद मालाचे भक्त

ड्रमच्या कंपन्या दर काही वर्षांनी आपला माल बदलतात. एक सिरीज बंद होते, दुसरी येते, रंग आणि ड्रमच्या बाजूचे स्क्रू धरणारे लग बदलतात, किंमत वाढते. दुकानदार जुन्या सेटवर सूट लावून मोकळा होतो. सुतक पाळतात ते फक्त अण्णा.

बँकेतून निवृत्त झालेले, तरुणपणी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवलेले हे गृहस्थ डोंबिवलीत आहेत, कोल्हापुरात आहेत, मडगावातही आहेत. नावं निराळी, दुखणं एकच. आपण त्यांना अण्णा म्हणू.

अण्णांनी उभ्या आयुष्यात वाजवला तो देशी बनावटीचा सेट, तोही ऑर्केस्ट्राच्या मालकाचा. परदेशी सेट पाहिले ते मेहुण्याने मस्कतहून आणलेल्या कॅटलॉगात. तो कॅटलॉग अजून आहे, कपाटात, फ्लॅटच्या कागदपत्रांच्या वर.

पर्ल कंपनीची एक्सपोर्ट सिरीज 1982 साली आली. नवशिक्याला परवडेल असा हा सेट जगभर तुफान खपला. अण्णांनी त्याला कधी सेट मानलंच नाही. "पोराटोरांचं खेळणं ते!" पुढे कंपनीने एक्सपोर्ट बंद केली आणि त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

"कोण गेलं?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"एक्सपोर्ट गेली."

"कुणाची कोण?"

त्या दिवसापासून एक्सपोर्टसारखा सेट झाला नाही आणि होणार नाही. पण 2013 साली पर्लने ती परत आणली, पॉप्लर आणि आशियाई महोगनी लाकडाच्या शेलची (शेल म्हणजे ड्रमचं पोकळ पिंप). अण्णांनी मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला आणि निकाल दिला, "नाव तेच ठेवलंय, बाकी काही नाही." म्हणजे पुन्हा पोराटोरांचं खेळणं.

यामाहाच्या रेकॉर्डिंग कस्टमचीही तीच गत. बर्चचं शेल, वरपासून खालपर्यंत एकसंध लग, आणि वाजवणारा स्टीव्ह गॅड. यामाहाने 2016 साली ती सिरीज नव्याने आणली, तीही गॅडलाच हाताशी धरून. एवढ्यावर कुणाचंही समाधान व्हावं. मी तसं म्हणून पाहिलं.

"गॅडचं काय सांगता?" अण्णा उसळले. "त्याने जुना सेट नुसता वाजवलाय. मी कॅटलॉग वाचलाय!"

टामाच्या इम्पिरिअलस्टारबद्दल मात्र अण्णांचं दुःख खरं आहे, हे मलाही मान्य करावं लागतं. एके काळी हा त्या कंपनीचा मानाचा सेट. 'द पोलिस' या बँडचा स्टुअर्ट कोपलंड तो वाजवायचा. आज त्याच नावाने नवशिक्यांचा सेट मिळतो, झांजा आणि स्टँडसकट. तनखा बंद झालेल्या संस्थानिकासारखी अवस्था! कंपनीचा हिशोब सरळ आहे. सेट हवा असतो मुलाला, पैसे देतो बाप, आणि नाव आठवत असतं ते बापाला. असा सेट वाईट असतो असंही नाही. पूर्वी फक्त महागड्या सेटला मिळणारं पूर्ण बर्चचं शेल आता यामाहाच्या स्वस्तातल्या स्टेज कस्टमलाही असतं. पण स्वस्त आणि चांगला, शिवाय दुकानात हजर? अशा सेटवर अण्णा प्रेम कसं करणार?

दर रविवारी ते वाद्यांच्या दुकानात जातात. एकदा तिथल्या पोराने विचारलं, "काका, तुम्हाला नक्की कोणता दाखवू?"

"हा बंद कधी होणार आहे?"

"आत्ताच तर आलाय, काका."

"मग झाला की सांगा."

तुमच्या माळ्यावर बंद पडलेल्या सिरीजचा एखादा सेट धूळ खात असेल तर कृपा करून अण्णांना कळवू नका. ते येतील, चहा घेतील, शेलवरून हात फिरवून डोळ्यांत पाणी आणतील. विकत घेणार नाहीत.