मेंदू चालू करून मिळेल!

तुमच्या मुलाचा मधला मेंदू बंद आहे. घाबरू नका, फी भरा, चालू करून मिळेल.

‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ नावाची ही दुकानदारी आपल्याकडे जोरात चालली. हजारो रुपये मोजायचे, पोराला शिबिरात सोडायचे आणि समारोपाला टाळ्या वाजवायला जायचे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चिंटू पेपर घडाघडा वाचतो. आईला भरून येते, बाबा मोबाइलवर शूटिंग करतात.

मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या खोडाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा. बुबुळे फिरवणे, उजेडात बाहुली आकसणे, जागे राहणे ही कामे तो जन्मापासून फुकटात करतो. त्यातल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन्स होतो. हा मेंदू खरोखरच बंद पडला, तर पोराला शिबिरात नव्हे, आयसीयूत न्यावे लागेल.

मग चिंटू वाचतो कसा? नाकाशेजारच्या फटीतून. म्हणून तर पेपर नेहमी हनुवटीखाली धरलेला असतो. नरेंद्र नायक यांच्यासारखे विवेकवादी ती फट बुजवायला सांगतात आणि दिव्यदृष्टी जागच्या जागी मावळते.

अशा दुकानांत बाकीचा मालही जुनाच. म्हणे आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला हा अवयव ऊर्जा मात्र २० टक्के खातो. बिनकामाच्या पाहुण्याला इतका खुराक कोण घालेल? म्हणे डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत. दाखला देतात तो मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांचा. पण त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले ते दोन अर्धगोलांमधला दुवा कापलेल्या रुग्णांच्या अभ्यासासाठी. ज्यांचा दुवा शाबूत आहे, त्यांचे दोन्ही भाग मिळूनच राबतात, गणितातही आणि गाण्यातही.

तरी माल खपतो, कारण ‘आमचं पोर चारचौघांसारखं आहे’ हे वाक्य आईबापांच्या घशाखाली उतरत नाही. ‘बुद्धी आहे, फक्त कुलूपबंद आहे’ हे ऐकायला बरे वाटते.

चिंटू मात्र शिबिरात बरेच शिकला. खाली डोकावलो हे कबूल केले तर बाबांचे पैसे बुडतील, आईचे तोंड पडेल. गप्प राहिले तर टाळ्या. एवढा हिशेब मांडायला अख्खा मेंदू लागतो. तो त्याच्याकडे फी भरण्याआधीपासूनच होता.