उण्यातली रेंज

औंढ्यात रेंज शोधायची जुनी रीत म्हणजे फोन उंच धरून गच्चीवर फेऱ्या मारणं. पुतण्याला ती अडाणी वाटली. त्यानं ईएसपी८२६६ चिपचा छोटा बोर्ड मागवला, त्याला अंगठ्याएवढा डिस्प्ले जोडला आणि पॉवर बँक खिशात टाकून तो घरभर हिंडू लागला. हे यंत्र टॉवरचं काही सांगत नाही, फक्त वायफायची ताकद मोजतं. पण एवढा बारकावा गल्ली कुठं ऐकून घेते! "आमची बी रेंज बघ की रे," म्हणत शेजारी फोन घेऊन हजर.

आकडे सगळे उणे. राउटरजवळ -३०, माजघरात -७१, न्हाणीपाशी -९०. आजीला वाटलं, नेटवरही कर्ज चढलंय. खरं तर शून्य म्हणजे एक मिलिवॅट, आणि दर दहा आकडे खाली उतरलं की ताकद एक दशांशावर येते. म्हणजे राउटरपासून न्हाणीपर्यंत ती दहा लाखपट घटते. तरी फोनला ऐकू येतं! घरात कुणाला एवढं ऐकू येत नाही.

यंत्रासमोर कुणी उभं राहिलं तरी आकडा घसरतो, कारण अंगातलं पाणी या लहरी शोषून घेतं. लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे यंत्र चार बोटं सरकवलं तरी फरक पडतो. भरलेला रांजण तर पक्का चोर निघाला. नामदेवांच्या कीर्तनासाठी इथलं देऊळ फिरलं, नंदी मागे राहिला, असं सांगतात. राउटर तेवढा भाविक नाही, आपणच फिरायचं.

लहरी टिपणारं याहून कितीतरी मोठं यंत्रही तालुक्यातच येणार आहे: 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा इथं उभी राहायची आहे. केंद्रानं २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि गुरुत्वीय लहरीमुळे त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. तो टिपायला जमीन शांत लागते. 'इथं काही हलतच नाही' म्हणून पाहुणे नाक मुरडायचे. तेच आता गुणपत्रिकेत गेलं!

पुतण्यानं परवा यंत्राला बझर बसवला, रेंज चांगली असली की वाजणारा. आजीनं तो उलटा करून घेतला. आता रेंज गेली की वाजतो, आणि आजी ताटं मांडते.