पालीचा मेस्त्री आणि न हलणारा नट

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा मागे पडला की पाली येते, आणि इथूनच कोल्हापूरचा रस्ता नाणीज, साखरप्यावरून आंबा घाटाकडे फुटतो. महाराष्ट्रात पाली बऱ्याच. रायगडातली बल्लाळेश्वराची, साताऱ्यातली खंडोबाची. रत्नागिरीच्या पालीत लक्ष्मीपल्लीनाथ. घाट उतरून फटफटत आलेल्या जीपवाल्याला मात्र देवाआधी मेस्त्री गाठायचा असतो.

मेस्त्री सगळ्या तिठ्यांवर सापडतो. वय चाळीस ते सत्तरच्या दरम्यान कुठेही. शर्टाचा मूळ रंग घरच्यांनाही आठवत नाही. गाडी दारात थांबायच्या आधी तो निदान करून मोकळा होतो, पण सांगत नाही. आधी बॉनेट उघडायला लावतो, मग धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला जिथे बसतो तिथे बोट फिरवतो आणि काजळी लागलेलं ते बोट मालकासमोर धरतो. मालक तेवढ्यात आनंदाने ओरडतो, “मेस्त्री, आवाज बंद झाला की!”

“तापली म्हणून. लोखंड फुगलं, फट मिटली. उद्या सकाळी परत बोलेल.”

त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं म्हणजे कोकणातली निवृत्त न होणारी मंडळी: वडापची कमांडर, ट्रॅक्स, टाटा ४०७. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांत फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन, ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या घराण्यातलं. म्हणजे मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन बसलेली आजी खरं तर जर्मन यंत्रावर स्वार होऊन बाजाराला निघालेली असते. मेस्त्रीला या वंशावळीचं कौतुक नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवा खारी, आणि गंज कुणाचं कुळ विचारत नाही.

खरी मारामारी मॅनिफोल्डला हेडशी धरून ठेवणाऱ्या स्टडशी. मॅनिफोल्ड बिडाचा, अर्धा मीटर लांबीचं बीड चारशे अंशांनी तापलं की दोनेक मिलिमीटर वाढतं. हेड पाण्याने थंड राहतं, ते एवढं वाढत नाही. या ओढाताणीत मधले स्टड निभावतात, टोकाचे मरतात. वडाप दुप्पट माणसं भरून घाट चढली की ही कसरत रोजची.

मालकाला वाटतं, चार नट काढायचे, चार घालायचे, अर्ध्या तासाचं काम. मेस्त्री नटांना तारेच्या ब्रशने घासतो, त्यांवर गंज सोडवायचं तेल मारतो आणि चहाला जातो. परत येऊन पुन्हा तेल मारतो आणि पेपर उघडतो. मालक घड्याळ बघतो.

“मेस्त्री, पाना लावा ना!”

“मेल्या, घाई तुला झालीय. नटाला झालीय का?”

इथेच त्याच्या धंद्याची गोची आहे. या कामात थांबणं हीच खरी मेहनत, आणि थांबण्याची मजुरी कुणी देत नाही. म्हणून त्याने तोडगा काढलाय: मधूनमधून छोट्या हातोडीने नटाच्या डोक्यावर ठकठक करायची. त्या हादऱ्यांनी गंजाला बारीक तडे जाऊन तेल आत उतरतं, हे खरंच. पण ठोकताना त्याची नजर नटापेक्षा मालकाच्या चेहऱ्यावर जास्त असते. आवाज झाला की मालक निवांत होतो.

मग गॅस पेटतो. नट लाल होईस्तोवर तापवायचा, जरा निवू द्यायचा, पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा. एव्हाना आजूबाजूचे चार जण जमलेले असतात. त्यांतल्या कुणाच्याच घरी गाडी नसते, सल्ला मात्र प्रत्येकाकडे असतो. “पाइप घाल पान्याला, जोर दे!” असं कुणीतरी म्हणतंच. मेस्त्री त्याच्याकडे पाना पुढे करतो. तो माणूस दोन पावलं मागे सरकतो.

तरीही कधीतरी ‘टक्’ होतं. मेस्त्री म्हणतो, “तो आधीच गेलेला होता.” तुटका बुंधा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नवा नट ठेवून भोकातून वेल्डिंग भरायचं, त्या धगीनेच गंजाची पकड सुटते. बुंधा आतच राहिला, तर नेमका मध्य धरून सेंटर पंच मारायचा आणि ड्रिल घालायचं. दहा मिलिमीटरच्या साध्या आट्यांना साडेआठचं. जरा तिरकं गेलं की हेडचे आटे गेले. मघाचा सल्लागार पुन्हा पुढे येतो, “इझी-आउट लावा!” उलट्या आट्यांचं ते हत्यार भोकात मोडलं, तर साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं, हे मेस्त्रीला पक्कं ठाऊक. तो उत्तर न देता ड्रिलला धार लावतो.

संध्याकाळी नवे स्टड, नवं पॅकिंग. नट पितळी, कारण ते गंजून धरत नाहीत. आवळायचे मधून टोकांकडे. मालक बिल बघतो आणि मजुरीच्या आकड्यावर बोट ठेवतो.

“सकाळभर तर पेपर वाचत होतात!”

मेस्त्री पन्नास रुपये कमी करतो. मघाशी मजुरी लिहितानाच ते वाढवून ठेवलेले असतात. वर बजावतो, “एकदा घाट चढून-उतरून ये. इंजिन थंड झालं की नट परत आवळून देतो, फुकट.”

“येतो की,” मालक म्हणतो आणि जातो. नंतर उगवतो थेट गणपतीच्या आधी, मुंबईचे पाहुणे गाडीत कोंबून, फटफटत. बॉनेट उघडायच्या आत सांगून टाकतो, “मेस्त्री, हा दुसरा स्टड आहे हां. तुमचा नव्हे.”