आमचे बावीस, त्यांचे दोन

मुंबईच्या उपनगरात महापालिकेची एखादी प्राथमिक शाळा वाढवायची ठरली की आजूबाजूच्या सोसायट्यांत एक पत्र सह्यांसाठी फिरू लागतं. मजकूर सोसायटीगणिक थोडाफार बदलतो, सुरुवात मात्र ठरलेली: 'आमचा शिक्षणाला विरोध नाही.' एवढं वाचलं की समजावं, विरोध दुसऱ्या ओळीपासून आहे.

शाळा तळमजला अधिक एक. तिच्यावर आणखी दोन मजले चढायचेत. सह्या करणाऱ्यांची इमारत परवापरवापर्यंत चार मजल्यांची होती, पुनर्विकासात ती बावीस मजल्यांची झाली. तेव्हा पाणी पुरेल का, मलवाहिन्या झेपतील का, गल्ली मावेल का, यातलं काही कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: जादा कार्पेट किती, कॉर्पस किती आणि भाडं किती महिने मिळणार. आता ते राहिलेले सगळे प्रश्न एकदम जागे झालेत आणि बोट शाळेकडे आहे. बावीस मजल्यांत मुलं जन्माला येणार नाहीत, अशी बिल्डरने बहुधा लेखी हमी दिलेली असावी.

मुद्दा पहिला, वाहतूक. तक्रार खरी आहे. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभं राहून बघाच. रिक्षाच्या दोन्ही अंगांना दप्तरं लोंबकळतायत, आत मुलं कोंबलेली. स्कूटरवर पुढे धाकटा उभा, मागे थोरली, आणि आईच्या कोपराला अडकवलेली पाण्याची बाटली प्रत्येक वळणावर हॅन्डलला आपटतेय. त्यातून वाट काढत पायी निघालेली मुलंच जास्त. आणि या सगळ्यांची वाट अडवून, फाटकाला अगदी खेटून, एक पांढरी एसयूव्ही सकाळपासून उभी. तिच्या काचेवर पत्र लिहिणाऱ्या सोसायटीचाच स्टिकर. सभासदाच्या दुसऱ्या गाडीला आत जागा नाही ना, म्हणून!

भरीला सरकार. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, असा आदेश २०२४ मध्ये निघाला. हेतू चांगलाच. पण नऊला सगळी मुंबईही घराबाहेर पडते. पूर्वी शाळेची गर्दी ऑफिसच्या गर्दीआधी उरकायची, आता दोघींची गळाभेट होते. यावर शाळेचं दुसरं फाटक मागच्या गल्लीत काढता येतं, दोन पाळ्यांच्या सुटण्यात अंतर ठेवता येतं. पण तोडगा सुचवला की पत्राचा जोर कमी होतो.

मुद्दा दुसरा, आवाज. मधल्या सुट्टीतला कल्ला ज्येष्ठांना सहन होत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम काढून बघितले तर शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करण्याची त्यात तरतूद आहे, दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. म्हणजे शांतता आपण शाळेला द्यायची आहे. आपण उलट शाळेकडे वसुली लावली. गणपतीत त्याच भिंतीला टेकवून स्पीकरची चळत उभी राहते, तेव्हा ज्येष्ठांचे कान बहुधा गावी गेलेले असतात.

मुद्दा तिसरा फार जपून लिहिलेला असतो: 'बाहेरील मुलांचे प्रमाण वाढेल.' बाहेरील म्हणजे कुठली? शिक्षणहक्काच्या नियमांनुसार महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. तेव्हा ही बाहेरची मुलं एक किलोमीटरपलीकडून फारशी येत नाहीत. त्यातल्या एकीची आई चौदाव्या मजल्यावर पोळ्या करते, एकाचे वडील याच गेटवर रात्रपाळीला असतात. आई आत चालते, वडील गेटवर चालतात, पोरगं तेवढं बाहेरचं.

आणि शेवटचा मुद्दा वाचायला विसरू नका: 'विस्तार झाल्यास स्थानिक रहिवाशांच्या पाल्यांना प्रवेशात प्राधान्य मिळावे.' वा! महापालिकेने २०२० पासून सीबीएसईच्या 'मुंबई पब्लिक स्कूल' काढल्या, तिथे अर्ज जागांहून जास्त येऊ लागले आणि प्रवेश सोडतीने द्यायची वेळ आली. कालपर्यंत 'म्युनिसिपालिटीची शाळा' म्हणताना ज्यांचं नाक मुरडायचं, तेही आता सोडतीच्या तारखा विचारतात. शाळा वाढू नये, पण वाढलीच तर पहिला बाक आमचा!

तिकडे गावांत उलटी बोंब. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची टूम २०२३ मध्ये निघाली, तेव्हा आमची शाळा हलवू नका म्हणून खेडोपाडी लोक कळवळले. गावात शाळेला पोरं पुरत नाहीत, शहरात पोरांना शाळा पुरत नाही. ज्याला त्याला शाळेची किंमत ती जायला लागल्यावर कळते.

या सगळ्या पत्रात एक हरकत तेवढी नसते, आणि खरी घ्यायला हवी ती तीच. मैदानाची. महापालिका रहिवाशांचं ऐकत नाही, असं कोण म्हणतं? वाहतुकीची तक्रार आली? मैदानाचा एक तुकडा गाड्या वळवायला दिला. पाण्याची आली? दुसऱ्या कोपऱ्यात टाकी आणि पंपघर. आवाजाची आली? उरलेल्या जागेवर पत्रा घातला आणि मधली सुट्टी वर्गातच. हरकती सगळ्या निकाली, रहिवासी समाधानी, मैदान शून्य. बिल मोठ्यांच्या नावाचं, पैसे मुलांच्या खिशातून. कायद्यालाही बोट लावता येत नाही, कारण शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं एवढंच म्हटलंय. केवढं, ते नाही. चार घसरगुंड्या बसल्या की झालं मैदान.

तेव्हा सह्याच गोळा करायच्या असतील तर पत्र एका ओळीचं करा: इमारतीची ताकद आणि आगीच्या वेळचे जिने तपासून मजले खुशाल चढवा, मैदानाच्या मातीला हात लावू नका. मुलांसाठी म्हणून या पत्रावर किती सह्या पडतील, सांगता येत नाही. पण मैदानाकडे तोंड असलेल्या फ्लॅटला भाव जास्त येतो, हे सेक्रेटरींना कुणीतरी हळूच सांगा. संध्याकाळच्या आत कागद भरेल.